रुग्णाचा धर्म आणि शुश्रूषेचा धर्म

रोगी औषधोपचार नाकारतो आणि कारण विचारतां धर्माचें नांव सांगतो, अशा वेळीं त्याच्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेनें काय करावें? हा प्रश्न पुष्कळांस केवळ पुस्तकी वाटतो. परंतु पूर्वीच्या मुंबई इलाख्यांत तो एके काळीं घरोघरीं उभा राहिला होता, आणि त्याचें उत्तर शोधतांना रक्तही सांडलें. त्या हकीकतीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. लवकरच रोग्यांस घरांतून सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा हुकूम निघाला. लोकांनीं त्यास जो विरोध केला त्याची भाषा बहुतांशीं धर्माची होती. परजातीच्या हातचें पाणी घशाखालीं कसें उतरावें? परपुरुषानें स्त्रीच्या अंगास हात कसा लावावा? आणि तेथेंच मरण आलें तर देहाचे संस्कार कोणी करावे? २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला व सक्तीस अधिक धार आली. पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरें धुंडाळलीं. त्या संतापाची परिणति २२ जून रोजीं रँडवरील गोळीबारांत झाली. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत मुसलमान विणकरांच्या वस्तींत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली.

अज्ञानी लोक शास्त्राच्या आड आले, असा ह्यावरून निकाल देणें सोपें आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. त्या काळीं प्लेगवर गुणकारी औषध कोणापाशींच नव्हतें. इस्पितळांत गेलेल्यांपैकीं बहुतेक परत येत नसत. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचींत दाखविलें, आणि तें वैद्यांच्या गळीं उतरण्यासही कित्येक वर्षें लागलीं. म्हणजे ज्या ज्ञानाच्या बळावर लोकांच्या घरांत शिरावयाचें तें ज्ञानच अपुरें होतें. रोग्याच्या नकारांत धर्म होता, तशीच परक्यांमध्यें एकटें मरण्याची भीतिही होती. आणि ती भीति चारचौघांत बोलून दाखविण्यास धर्माचीच भाषा जवळ होती.

जेथें हें ओळखलें गेलें तेथें नकार सैल पडला. निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं इस्पितळें काढलीं; पुण्यांत हिंदूंसाठीं प्लेगचें इस्पितळ काढण्यास टिळकांनीं पुढाकार घेतला. हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि पुढें तिच्या निर्मितींत गाईचें व डुकराचें मांस टाळून बकऱ्याचें वापरलें. तरुण आगाखानांनीं आपल्या अनुयायांसमक्ष ती टोचून घेतल्यावर पुष्कळ खोजे पुढें आले. त्यामुळें कोणाचा धर्म बुडाला नाहीं, आणि शास्त्रासही कांहीं उणें आलें नाहीं.

परंतु येथें एक अडचण आहे, ती झांकून चालणार नाहीं. एकाचें सोवळें जपतांना दुसऱ्याचा अपमान होऊं शकतो. स्वजातीचा आचारी मागणारा रोगी शेजारच्या रोग्यास अस्पृश्य मानीत असेल, तर त्याची समजूत काढतां काढतां आपण अन्यायास मान्यता देतों कीं काय? ह्याचें उत्तर आम्हांस सावित्रीबाई फुले यांच्या अखेरच्या दिवसांत सांपडतें. पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह त्या पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें, असें सांगतात. १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. स्वतःच्या ताटांत काय पडावें हें रोग्यानें खुशाल ठरवावें. शेजारच्या खाटेवर कोणी निजावें हें ठरविण्याचा अधिकार मात्र त्यास नाहीं.

आज हातीं गुणकारी औषधें आहेत, म्हणूनच सक्तीचा मोह अधिक आहे. दुसऱ्याचें रक्त घेणें धर्मबाह्य मानणारा रोगी आजही परिचारिकेस भेटतो. रोग इतरांस लागणारा असेल तर रोग्यास वेगळें ठेवावेंच लागेल, पण त्याची अप्रतिष्ठा करण्याचें कारण नाहीं. नकार अजाण बालकाच्या वतीनें कोणी देत असेल, तर त्या बालकाची बाजू घेणें हें कर्तव्य होय. परंतु शहाणा, सावध मनुष्य सर्व परिणाम समजून केवळ आपल्या देहापुरतें नको म्हणत असेल, तर त्याचा शब्द पाळला पाहिजे. मात्र त्यानें औषध नाकारलें म्हणजे शुश्रूषा नाकारली, असें कोणी समजूं नये. त्याचें अंथरूण बदलावें, ओठ ओले करावे, वेदना हलक्या कराव्या, आणि त्याचें मन पालटलें तर तें सांगावयास त्यास संकोच वाटूं नये इतकें त्याच्याजवळ असावें. १८९७ सालीं आमच्या वाडवडिलांस हवें होतें तें एवढेंच. आणि बहुतेकांस तेंही मिळालें नाहीं.