बांधणाऱ्याचं विमान

गणपतीच्या मखरासाठी तापलेल्या तारेने थर्माकोल कापलाय कधी? २०१८ सालच्या बंदीआधी आमच्याकडे दरवर्षी हा कार्यक्रम असायचा. लाकडी चौकट, त्यात ताणलेली बारीक तार आणि तारेला जोडलेला कुठला तरी जुना ट्रान्सफॉर्मर. तार फार हळू नेली की थर्माकोल वितळून खड्डा पडायचा. घाई केली की तार मध्येच बाक घ्यायची आणि कड तिरकी यायची. मोठा ठोकळा असेल तर दोन टोकं दोघांनी धरायची आणि मग हमखास भांडण, "तू पुढे गेलास!" "नाही, तूच थांबलास!"

नेमकं हेच करून लोकांनी विमानांचे पंख कापलेत, असं सांगितलं तर? अतिशयोक्ती नाही. १९७५ नंतर अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही कित्येक हौशी लोकांनी आपल्या गॅरेजमध्ये हेच केलं, आणि त्या पंखांवर स्वतः बसून (म्हणजे पंखांच्या मध्ये बसून :-)) हजारो मैल उडले. या वीकेंडला त्यांचीच गोष्ट.

गोष्टीचा नायक बर्ट रुटान. अमेरिकन हवाई दलाच्या एडवर्ड्स तळावर फ्लाइट टेस्ट इंजिनिअर होता. नंतर एका विमान कंपनीत थोडे दिवस काढले आणि १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या मोहावी या वाळवंटी गावात स्वतःचं दुकान थाटलं. नाव 'रुटान एअरक्राफ्ट फॅक्टरी'. नाव फॅक्टरी, पण विमानं विकत नव्हते, विमानांचे आराखडे विकायचे! म्हणजे आजच्या भाषेत बायनरी नाही, सोर्स कोड. बिल्ड तुमचं तुम्ही करायचं.

फायबरग्लासचं विमान ही काही रुटानची कल्पना नव्हे. जर्मनीत श्टुटगार्टला 'फीनिक्स' नावाचं फायबरग्लासचं ग्लायडर १९५७ सालीच उडलं होतं. पण त्या पद्धतीत आधी साचा बनवावा लागतो. पंखाच्या आकाराचा, काचेसारखा गुळगुळीत, भलामोठा साचा. शंभर ग्लायडर काढायची असतील तर साच्याचा खर्च निघतो. ज्याला आयुष्यात एकच विमान बांधायचंय त्याने काय करायचं?

रुटानने साचाच काढून टाकला. फोमचा ठोकळा घ्यायचा. त्याच्या दोन टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराच्या पट्ट्या खिळ्यांनी बसवायच्या आणि त्या पट्ट्यांवरून तापलेली तार फिरवायची. पंख मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद असतो, म्हणजे दोन टोकांवरची माणसं एकाच वेगाने गेली तर आकार बिघडणार. यावर उपाय साधा. दोन्ही पट्ट्यांवर सारखेच आकडे लिहायचे, एकाने मोठ्याने म्हणायचं "बारा... तेरा... चौदा..." आणि दुसऱ्याने आपल्या टोकावर त्याच क्षणी तोच आकडा गाठायचा. (मखराच्या वेळी ही अक्कल सुचली असती तर बरीच भांडणं वाचली असती.)

मग या फोमवर काचेचं कापड अंथरायचं, त्यात इपॉक्सी मुरवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने जादाचं इपॉक्सी ओढून काढायचं. कापडाचे धागे कोणत्या दिशेने जायला हवेत, एकावर एक किती थर, हे सगळं आराखड्यात. फोम आतच राहतो. तो फक्त आकार धरून ठेवतो, ताकद काचेची. आणि एक गंमत म्हणजे इपॉक्सी मुरलेलं काचकापड जवळजवळ पारदर्शक असतं. कुठे हवेचा बुडबुडा राहिला, कुठे कापड कोरडं राहिलं, ते डोळ्यांना दिसतं. स्वतःच्या हाताने केलेलं काम स्वतःच तपासता येतं, आणि नवशिक्याला याहून जास्त काय पाहिजे?

पहिलं विमान 'व्हेरीईझी'. नाव मोठ्याने वाचा, विनोद कळेल. ते मे १९७५ मध्ये उडलं. त्याच उन्हाळ्यात बर्टचा मोठा भाऊ डिक याने ते ऑशकॉशच्या हौशी वैमानिकांच्या जत्रेत नेलं आणि पाचशे किलोच्या आतल्या विमानांच्या गटात १,६३८ मैलांचा, म्हणजे सुमारे २,६३६ किलोमीटरचा विक्रम केला. दिसायलाही विचित्र प्रकरण. छोटा पंख पुढे, मोठा मागे, इंजिन आणि पंखा शेपटीकडे. जमिनीवर माणूस आत नसला की पुढचं चाक आत घेऊन नाक टेकवून ठेवायचं, नाहीतर मागच्या वजनाने ते उलटं बसणार. रांगेने उभी असली की सगळी जणू नमस्कार करतायत! १९७६ पासून आराखडे विकायला सुरुवात झाली. १९७९ मध्ये थोडा मोठा भाऊ 'लाँग-ईझी' उडला.

इथपर्यंत ही एका हुशार इंजिनिअरची गोष्ट आहे. मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात, म्हणजे मेंटेनन्समध्ये.

आराखडे घेणाऱ्यांसाठी रुटान एक पत्रिका काढायचा, 'कॅनार्ड पुशर'. (कॅनार्ड म्हणजे तो पुढचा छोटा पंख, पुशर म्हणजे मागून ढकलणारं इंजिन.) तिच्यात बिल्डरांचे अनुभव असायचे, अपघात झाला असेल तर त्याची चर्चा असायची, आणि आराखड्यातले बदल. काही बदल ऐच्छिक, काही केलेले बरे, आणि काही असे की ते केल्याशिवाय विमान जागेवरून हलवायचं नाही. बग ट्रॅकरमधली सिव्हिअरिटी असते ना, तीच! फरक एवढाच की पॅच आपोआप उतरत नव्हता. प्रत्येकाने पत्रिका वाचायची, आपली आराखड्याची प्रत उघडायची आणि पेनाने दुरुस्ती लिहायची. विमान आधीच बांधून झालं असेल तर हातात करवत घ्यायची.

उदाहरणार्थ पाऊस. पहिल्या ईझींच्या पुढच्या पंखाचा आकार असा होता की त्यावरून हवा गुळगुळीत वाहिली तर तो झकास उचलायचा. पण पावसाचे थेंब बसले की तो गुळगुळीतपणा मोडायचा, उचल कमी व्हायची आणि विमान नाक खाली घालायचं. वैमानिकाला दांडी मागे ओढून धरावी लागायची. आणि हे प्रत्येक विमानात सारखं नव्हतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी, कारण प्रत्येक पंख वेगळ्या हातांनी कापलेला आणि घासलेला. पुढे जॉन रॉन्झ याने नवीन आकार काढून दिला, आणि ज्यांना पावसाचा त्रास नको होता त्यांनी पुढचा पंख पुन्हा नव्याने बांधला. पुन्हा फोम, पुन्हा तार, पुन्हा "बारा... तेरा... चौदा..."

म्हणजे आराखडा एक, पण विमानं शेकडो आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्या विमानाला पूर्ण ओळखणारा माणूस जगात एकच, ते बांधणारा. अमेरिकेचा कायदाही हे मानतो. तिथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केलं असेल तरच विमान या वर्गात बसतं. आणि ज्याने बांधलं त्याला त्या एका विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळू शकतो. पण विमान विकलं की तो दाखला विमानाबरोबर जात नाही. नव्या मालकाला ती तपासणी बरीच वर्षं परवानाधारक मेकॅनिककडूनच करून घ्यावी लागायची. विमान विकता येतं, ओळख विकता येत नाही.

१९९७ साली या गोष्टीच्या दोन्ही बाजू एकाच वर्षात दिसल्या.

त्या वर्षी डिक रुटान आणि माइक मेलव्हिल आपापली लाँग-ईझी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दोघांनीही आपली विमानं स्वतः बांधलेली. (हाच डिक १९८६ मध्ये जीना येगरबरोबर 'व्हॉयेजर' या बर्टच्याच विमानातून कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता जगाला वळसा घालून आला होता. नऊ दिवस! आणि मेलव्हिल २००४ मध्ये बर्टच्याच 'स्पेसशिपवन'मधून अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत गेला.)

आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक लाँग-ईझी समुद्रात कोसळलं. चालवणारा होता गायक जॉन डेन्व्हर. आपल्याकडच्या गिटारवाल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. वय ५३. नवशिका नव्हता, बऱ्याच वर्षांचा वैमानिक होता. पण हे विमान त्याने नुकतंच विकत घेतलं होतं आणि ते बांधलं होतं दुसऱ्याच कुणीतरी.

ज्यांनी जुनी बजाज स्कूटर चालवलीय त्यांना पेट्रोलचा कॉक आठवत असेल. गाडी आचके द्यायला लागली की रस्त्यावरची नजर न काढता हात खाली घालायचा आणि कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. लाँग-ईझीत दोन टाक्या असतात आणि एकीवरून दुसरीवर जायला असाच कॉक. आराखड्यात तो वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर. या विमानाच्या बिल्डरने मात्र तो डाव्या खांद्याच्या मागे, पाठीमागच्या भिंतीवर बसवला होता. कारण चुकीचं नव्हतं, पेट्रोलच्या नळ्या माणूस बसतो तिथे नकोत, एवढाच त्याचा हेतू. पण कॉकवर कुठली टाकी कुठे याची खूण नव्हती आणि इंधनाचे मापकही वैमानिकाच्या मागे.

उड्डाणाआधी डेन्व्हरलाही हात पोचत नाही हे कळलं होतं. मेकॅनिकबरोबर त्याने कॉकला पक्कड लावून लांबी वाढते का तेही बघितलं, जमलं नाही. पेट्रोल भरायचं का विचारलं तर नको म्हणाला, तासभरच तर उडायचंय. १९९९ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला तो असा : कॉक फिरवण्यासाठी मागे वळताना त्याचं लक्ष विमानावरून हटलं आणि नकळत उजव्या रडरवर पाय दाबला गेला. कारणांच्या यादीत कॉकची जागा, खुणा नसलेले मापक, अपुरी तयारी आणि नव्या विमानाची अपुरी सवय हेही होतं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. कारण मी तो बिल्डरही आहे आणि तो दुसरा मालकही. एका जुन्या नोकरीत मी एक कॉन्फिग फाइल भलत्याच जागी ठेवली होती. कारण चांगलं होतं, सिक्युरिटीचं. मला ती कुठे आहे हे झोपेतही माहीत होतं, म्हणून लिहून ठेवलं नाही. मी नोकरी सोडल्यावर वर्षभराने एका रात्री तिथल्या पोराचा फोन आला, तेव्हा सिस्टिम चार तास बंद होती. माझ्या चुकीने कुणी समुद्रात पडलं नाही, हा माझ्या धंद्याचा उपकार. शहाणपण माझं नव्हे.

बांधणाऱ्यासाठी तो कॉक कधीच अवघड नव्हता. बांधताना शंभर वेळा त्याचा हात तिथे गेला असणार, त्याचा खांदा आपोआप वळत असणार. जे आपल्या अंगवळणी पडलंय ते आपल्याला दिसतच नाही. आणि आराखड्यापासून आपण एक पाऊल बाजूला गेलो की आराखडा लिहिणाऱ्याची सगळी काळजी त्या एका जागेपुरती संपते. तिथून पुढे सांगायची जबाबदारी आपली.

रुटानने १९८५ मध्ये आराखडे विकणं बंद केलं, पण पत्रिका पुढे काही वर्षं निघत राहिली. कारण आराखडे थांबले तरी विमानं उडतच होती. आजही ती विमानं हाताबदल होतात. मी कधी असं विमान घ्यायला गेलोच (बायको हे वाचत नसावी), तर इंजिनाआधी बिल्डरची आराखड्याची प्रत बघायला मागेन. समासात पेनाने केलेल्या दुरुस्त्या आहेत का? जिथे त्याने स्वतःचं डोकं चालवलं, तिथे तसं लिहिलंय का? पानं कोरी असली तर नमस्कार करून परत येईन.

असो. त्या जुन्या कंपनीतल्या पोराला काल मेल पाठवली. अजून कायकाय कुठे ठेवलं होतं, आठवलं तेवढं सगळं लिहून. तीन पानं झाली.