नांगर, कालनिर्णय आणि आगळाची बाटली

गेल्या मे महिन्यात आठ दिवस वालावलला, माहेरी होते. सकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळात जायचं, तळ्याकाठी जरा बसायचं आणि घरी येऊन वहिनीबरोबर रातांबे फोडायचे, असा कार्यक्रम. वहिनी काही वर्षं सोलं, आगळ आणि अमृत कोकम करून विकते. यंदा मात्र पडवीत मागच्या मोसमातल्या आगळाच्या चाळीस बाटल्या तशाच उभ्या होत्या. त्यातल्या काही चक्क परत आलेल्या.

कारण ऐकून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. शहरातल्या गिऱ्हाइकांनी आगळात पाणी-साखर घालून ते सरबत म्हणून प्यायलं आणि "खारट लागतंय, खराब झालंय" म्हणून पैसे परत मागितले! आता आगळ मिठातच काढतात. ते सोलकढीचं. सरबताला अमृत कोकम, त्यात साखर असते. आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असलेली ही गोष्ट बाटलीवर मात्र कुठेच लिहिलेली नव्हती.

बरं, जाहिरात नव्हती असंही नाही. माझ्याच आग्रहावरून भाच्याने एका एजन्सीला सहा महिने पैसे दिले होते. (हे पाप माझं!) 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून रोज एक चित्र यायचं: शुभ सकाळ, एकादशीच्या शुभेच्छा, कोपऱ्यात बाटली. एकदा तर 'आगळ प्या, वजन घटवा'. ते पाहून वहिनी भडकली. "जां माका ठावक नाय, तां मी लोकांका कित्याक सांगू?" बचतगटाच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर. हा मोसम झाला की धंदा बंद, असं ती शांतपणे म्हणाली. माझी तर मान वर होईना.

त्या रात्री झोप आली नाही आणि आठवले ते किर्लोस्कर. हे आडनाव आपल्याच मालवण तालुक्यातल्या किर्लोस गावाचं. घराणं पुढे घाटावर गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, पण पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! म्हणजे नांगर चांगला होता, अडलं होतं ते माहितीपाशी. आमच्या आगळासारखंच.

१९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला निघालेलं हे पत्र. पण शंकरराव चित्रकार, वाचणारा माणूस. नुसत्या मालाच्या कौतुकावर पत्र चालत नाही हे त्यांनी ओळखलं असावं. हळूहळू त्यात उद्योग आला, विज्ञान आलं, समाजसुधारणा आली, कथा आल्या. पुढे नावातलं 'खबर' गळलं आणि उरलं 'किर्लोस्कर' मासिक. मग १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातून निघालेली मासिकं घराघरांत वाचली जाऊ लागली, ज्यांना आयुष्यात नांगर घ्यायचा नव्हता अशांच्याही!

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीनेही १८९५ साली 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचं पत्र सुरू केलं. ते आजही निघतं. फरो म्हणजे नांगराची तास.

हे सगळे मोठे कारखानदार, वहिनीशी त्यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणून दुसरं उदाहरण आमच्या भिंतीवरचं. मालवणचे जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं. तोवर पंचांग वेगळं, कॅलेंडर वेगळं. त्यांनी तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय असं सगळं एका पानावर आणलं आणि पाठीमागे पाककृती, आरोग्य, वाचायला लेख. माझ्या लहानपणी कुडाळचा आमचा वाणी दर वर्षी वर दुकानाच्या नावाची पट्टी लावून ते भेट द्यायचा. आई त्यात दुधाचा हिशोब लिहायची आणि महिना संपला तरी पान टाकायची नाही, मागे वड्यांची कृती असायची ना! वाण्याने कधी "माझ्याकडेच या" म्हटलं नाही. पण वर्षभर दिवसातून दहा वेळा त्याचं नाव डोळ्यांसमोर. आणि ते नकोसं वाटलं नाही, कारण त्याच्याखाली आमच्या उपयोगाचं काहीतरी होतं.

मला वाटतं, सगळं मर्म इथेच आहे. माल घेतला नाही तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याला ते खरोखर माहीत असलं पाहिजे. एकादशीच्या शुभेच्छा कुणीही देईल. आगळ का खारट, हे वहिनीच सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत बसून मी चिठ्ठी लिहिली. वहिनी सांगत गेली. हे सरबत नव्हे. नारळाच्या दुधात थोडं थोडं घाला. लसूण-मिरची वाटून. मीठ चव बघूनच, आगळात आहेच. कढी उकळू नका, फाटेल. सरबत हवं असेल तर अमृत कोकम मागा. शेवटी तिने माझ्याकडून एक ओळ मुद्दाम घालून घेतली: शंका आली तर टाकून देण्याआधी फोन करा.

तीच चिठ्ठी भाच्याने फोनवरून जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली, एजन्सी बंद केली. चमत्कार झाला नाही. चाळीसातल्या अजून अकरा बाटल्या शिल्लक आहेत. पण गेल्या आठवड्यात एका बाईंनी वहिनीला फोन केला. बाटली घ्यायला नव्हे, कढी फाटली म्हणून विचारायला. वहिनी वीस मिनिटं बोलत होती म्हणे.

धंदा बंद करायचं काय ठरलं, ते मी अजून विचारलेलं नाही. पण भाचा सांगत होता, पुढच्या मोसमासाठी रिकाम्या बाटल्या धुऊन उन्हात ठेवल्यायत.