पेटीबाहेरची आई

साल १९७८, शहर बोगोटा. विषुववृत्त जवळच, पण तुम्ही २,६०० मीटर उंचीवर आहात, अंगावर शाल हवीच. ‘इन्स्तितुतो मातेर्नो इन्फान्तिल’ या प्रसूतिगृहाच्या बोळात तुम्ही उभे आहात. समोर काच, काचेपलीकडे कमी दिवसांची बाळं. उबेच्या पेट्या थोड्या, बाळं फार, म्हणून एकाच पेटीत एकाहून अधिक बाळं आहेत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होतो.

तुमच्या शेजारी उभ्या बाईला पान्हा फुटलाय, पुढचे कपडे भिजलेत. तिचं बाळ सातव्या महिन्यातच झालं. अजून तिने त्याला हातही लावलेला नाही. ‘कसं आहे?’ विचारलं की वजन सांगतात. इथल्या काही आया घरी जातात आणि परत येतच नाहीत. त्यांना निष्ठुर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जे लेकरू कुशीत घ्यायला मिळालं नाही आणि जगेल असंही कुणी म्हणत नाही, त्याच्यासाठी रोज काचेपाशी येऊन उभं राहायला किती बळ लागत असेल!

याच इमारतीत डॉ. एदगार रेय सानाब्रिया वेगळा विचार करताहेत: पेटी कमी पडते, तर आईचीच ऊब का नको?

एक वर्ष पुढे या. डॉ. हेक्तोर मार्तीनेसही आता या कामात आहेत. काचेपाशी गर्दी नाही, आया आत बसल्यात. धोक्यातून बाहेर आलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवतात. टोपडं आणि लंगोट, बाकी अंगाला अंग. पाय बेडकासारखे दुमडलेले, श्वास मोकळा राहावा म्हणून मान एका बाजूला, वरून कापडाचा पट्टा. भूक लागली की दूध तिथेच. जिला बांधायचं जमत नाही तिला शेजारची शिकवते. डॉक्टरांच्या शब्दाने येत नाही तो धीर या शेजारणीच्या हाताने येतो, असं मला मनापासून वाटतं. बाळ दूध ओढू लागलं, वजन धरू लागलं की दोघं लवकर घरी जातात आणि तपासणीला येत राहतात.

आता थेट २०१८, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेली तुमची धाकटी बहीण सिझेरियननंतर पडून आहे. दीड किलोची भाची त्याच कक्षात, कारण इथे आईची खाट बाळाच्या अतिदक्षता विभागातच आहे. बोगोटाच्या याच रीतीवर भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास चालू आहे: एक किलो ते १.७९९ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर छातीशी धरायचं. २०२१मध्ये निकाल छापून येईल. स्थिर झाल्यावर ही ऊब मिळालेल्या बाळांत २८ दिवसांच्या आतले मृत्यू १५.७ टक्के, लगेच मिळालेल्यांत १२ टक्के. फरक इतका स्पष्ट, की नवी बाळं घेणं मुदतीआधीच थांबवलं गेलं.

पण आज तुम्हाला टक्केवारी ठाऊक नाही. नर्स म्हणते, ‘मौसीजी, हाथ धो लीजिए.’ आईला जमेपर्यंत घरचं दुसरं माणूस चालतं. तुम्ही कोपरापर्यंत हात धुता, मागे रेलून बसता. नळ्या-तारा सांभाळत नर्स भाचीला तुमच्या छातीवर ठेवते, पट्टा बांधते, ओठांचा रंग बदलला तर लगेच हाक मारायला सांगते.

घरून फोनवर फोन येताहेत. कुणावर गेलीय, नाव काय ठेवणार, इतक्या लवकर कशी झाली. हा शेवटचा प्रश्न बहिणीच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय. मेहुण्यांना सांगितलंय, ‘फोन तुम्हीच घ्या. आणि संध्याकाळी शर्टाची बटणं काढून बसायची पाळी तुमची.’

‘ताई, दमलीस का गं?’ खाटेवरून बहीण विचारते.

‘माझं राहू दे. तू जेवलीस का?’

तिचं ताट झाकलेलंच आहे. तुम्ही मानेने खूण करता, आणि नर्स ते तिच्यापुढे सरकवते.