अल्-ख्वारिझ्मींना लागलेला लॅटिन प्रत्यय

लॅटिन शिकणारा अडखळतो तो विभक्तीपाशी. नामांचे पाच गण, मुख्य विभक्त्या सहा आणि दोन्ही वचनांचे प्रत्यय निरनिराळे. शब्द वाक्यात कुठेही ठेवा, कोणी काय केलं आणि काय कोणाचं हे शेवटची एक-दोन अक्षरं सांगतात. आपल्याला यात नवल वाटू नये. 'घोडा'चं 'घोड्याचा' मराठी मूल न शिकवता करतं. अरबीतही हजरत अलींचे वडील अबू तालिब, पण अली मात्र 'इब्न अबी तालिब'. 'अबू'चा 'अबी' झाला तो षष्ठीमुळे.

12व्या शतकात टोलेडोसारख्या स्पॅनिश शहरांत अरबी ग्रंथांचे लॅटिन अनुवाद होऊ लागले, तेव्हा आपल्या विद्वानांच्या नावांनाही हे प्रत्यय लागले. इब्न सीना 'आविसेन्ना' होऊन पहिल्या गणात गेले. त्या गणात बहुतेक नामं स्त्रीलिंगी, पण कवी आणि खलाशी यांचे शब्दही तिथलेच, म्हणून कुणाला खटकलं नाही. इब्न रुश्द झाले 'आवेर्रोएस', षष्ठीत 'आवेर्रोइस'. जुन्या मुखपृष्ठांवर ही दोन रूपं पाहून दोन लेखक समजू नयेत.

सगळ्यात विचित्र गत झाली अल्-ख्वारिझ्मींची. 9व्या शतकात बगदादमध्ये त्यांनी हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर पुस्तक लिहिलं. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन रूप तेवढं उरलं. केंब्रिजमधलं हस्तलिखित 'दिक्सित अल्गोरिझ्मी', म्हणजे 'अल्गोरिझ्मी म्हणाला' असं सुरू होतं. इथे ते कर्ता आहेत. पण लॅटिन वाचकाला शेवटचा 'ई' षष्ठीसारखा दिसतो. पुढे प्रथमेत 'अल्गोरिस्मुस' हे रूप रुळलं आणि ते माणसाचं नाव न राहता हिशेबाच्या पद्धतीचं नाव झालं. 13व्या शतकात साक्रोबोस्को या पद्धतीचं पाठ्यपुस्तक लिहितो आणि तिचा जनक म्हणून 'अल्गुस' नावाचा तत्त्वज्ञ सांगतो! असा कोणी नव्हताच. आजच्या 'अल्गोरिदम'मध्ये तरी त्यांचं नाव कितीजणांना ऐकू येतं?

1857 साली बोनकोम्पान्यी यांनी रोममध्ये हा मजकूर छापला. शीर्षक दिलं 'अल्गोरित्मी दे नुमेरो इंदोरुम'. इथे 'अल्गोरित्मी' षष्ठीत वाचता येतं, आणि 'इंदोरुम'मधला 'ओरुम' हा अनेकवचनी षष्ठीचा प्रत्यय: अल्-ख्वारिझ्मींचं पुस्तक, भारतीयांच्या अंकांविषयी. मुसलमानांनी अंक आपल्या नावावर खपवले असं म्हणणाऱ्यांनी हा प्रत्यय जरूर वाचावा. शीर्षक नंतरचं आहे खरं, पण आतल्या मजकुरातही सुरुवातीलाच लेखक सांगतो की ही नऊ चिन्हांची रीत हिंदी लोकांची आहे.