पटावरचं नाव

जिल्हा परिषद शाळेतल्या कपाटात सगळ्यांत जपून ठेवलेली वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. एका ओळीत एक मूल.

यातला जातीचा रकाना सगळ्यांत जास्त काही सांगतो. या पटावर येणं हाच एके काळी झगडा होता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद झाली. ते रजिस्टर आजही जपलेलं आहे. नाव पटावर आलं, तरी वर्गात बसायला जागा वेगळीच. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पट सर्वांचा व्हावा म्हणून राज्यकर्त्याने सक्ती करावी, ही मला या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ज्या रकान्याने मुलांना दूर बसवलं, तोच पुढे त्यांच्या नातवंडांचा आधार झाला. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेतच सापडतो. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींच्या शोधात हीच जीर्ण रजिस्टरं पुन्हा उघडली गेली. जन्मतारखेच्या रकान्यात मात्र १ जूनची रांग लागलेली दिसते. घरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी वयाचा अंदाज बांधून तीच लिहीत. अनेकांची निवृत्ती त्या अंदाजावर ठरली.

पटावर शिक्षकांची पदं ठरू लागली, तसे खोटे पटही आले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून. नंतर नोंदी 'सरल' या ऑनलाइन प्रणालीत गेल्या आणि संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करताना, आधार जुळलेलीच मुलं धरायचं ठरलं. त्यात भरडली गेली ती खरी मुलं. ऊसतोड कामगाराची मुलगी रोज हजर, गुरुजींसमोर पाढे म्हणणारी. पण आधारवर नावाची वेलांटी चुकली, म्हणून शिक्षकाचं पद ठरवताना ती हिशेबातच नाही.