घरी परतलेला शिपाई : छायाचित्र आणि स्मृती यांची साक्ष

दुसऱ्या महायुद्धाचा काळ आपल्याकडे प्रामुख्याने १९४२ चे आंदोलन, आझाद हिंद सेना आणि सत्तांतर या अंगांनी अभ्यासला गेला. ते स्वाभाविकही होते. मात्र १९४५ पर्यंत सुमारे २५ लाखांवर पोहोचलेल्या हिंदी सैन्यातील जो तरुण शिपाई युद्ध संपल्यावर गावी परतला, तो या इतिहासलेखनात क्वचितच भेटतो. त्याचा माग काढण्यासाठी घराघरांत जपलेली छायाचित्रे आणि त्यांच्याभोवतीच्या आठवणी कितपत उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इटलीच्या आघाडीवरील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे उदाहरण घेऊ. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या लढाईत दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित आणले, पुन्हा परतून शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली आणि बंधाऱ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही ऐन विशीतले. घाडगे परतले नाहीत. माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे. तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे जाधव परतले आणि १९८४ पर्यंत जगले. सन्मानपत्रातील मजकूर काही तासांच्या पराक्रमाचा आहे. त्यानंतरच्या ३९ वर्षांविषयी ते काही सांगत नाही. शौर्यपदक मिळालेल्या वीराची ही स्थिती, तर पदकाविना परतलेल्यांची काय असणार?

त्यांच्यासाठी उरतो तो भिंतीवरचा फोटो. रंगविलेला पडदा, शेजारी फुलदाणी ठेवलेले टेबल, इस्त्रीचा गणवेश आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर. अशा छायाचित्राविषयी घरची मंडळी बहुधा एकच वाक्य सांगतात : "लढाईला जाताना काढलेला." येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. छातीवर पदकांच्या फिती असतील, तर त्या काय सांगतात ते पाहावे. इटली स्टार हे पदक मे १९४५ मध्ये जाहीर झाले. त्याची लाल, पांढऱ्या व हिरव्या रंगांच्या पाच उभ्या पट्ट्यांची फीत कृष्णधवल छायाचित्रातही पुष्कळदा ओळखू येते. ती फीत दिसली की तो फोटो जातानाचा नव्हे, परततानाचा अथवा त्यानंतरचा ठरतो. म्हणजे कुटुंबाची आठवण चुकीची म्हणून बाजूला सारावी काय? मला तसे वाटत नाही. मुलगा रणांगणावर असताना घराने जी वाट पाहिली, ती पुढे त्या फोटोला येऊन चिकटली असावी. तारीख फितीवरून घ्यावी. प्रतीक्षेचा अर्थ मात्र आठवणीतूनच शोधावा लागतो. आपल्या संशोधन पद्धतीत पहिल्या पुराव्याला मान आहे, दुसऱ्याला अद्याप नाही.

सातारा जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. हा सैन्यभरतीचा जुना प्रदेश; अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. याच जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार कार्यरत होते. सरकारी गणवेशात परतणाऱ्या तरुणाचे स्वागत अशा गावात कसे झाले असेल? नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला; फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. अशा वातावरणात तो शिपाई पारावर बसून इटलीच्या गोष्टी सांगत होता, की गप्प होता? मौनाचे दस्तऐवज दफ्तरखान्यात नसतात. फोटो दर्शनी भिंतीवर लागला की ट्रंकेत गेला, एवढा साधा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो.

१९४५ मध्ये विशीत असलेल्यांची शंभरी आता उलटली आहे. त्यांच्या मुला-सुनांनी ऐकलेले मात्र अजून मिळू शकते. ग्रामीण महाविद्यालयांतील आपले विद्यार्थी याच घरांतून येतात, ही सोय विद्यापीठातील संशोधकाला नाही. पदवीच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी घरातील छायाचित्र चौकटीतून काळजीपूर्वक काढून मागची बाजू पाहावी. तेथे स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, कधी पेन्सिलीने लिहिलेला पलटणीचा क्रमांक असू शकतो. दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी, मूळ फोटो घरच्यांना परत द्यावा, आणि त्याविषयी कोणी काय सांगितले ते सांगणाऱ्याच्या बोलीत, तारखेसह लिहून घ्यावे.