उच्च व निम्न स्फोटके : फरक वेगाचा

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी पहाटे एकच्या सुमारास आग लागली. त्यापाठोपाठ झालेल्या स्फोटांनी देवळी तालुक्याचा परिसर हादरला. आगरगाव, नागझरी आदी गावांतील ग्रामस्थांना मध्यरात्रीच घरे सोडावी लागली. आग एकाच शेडपुरती मर्यादित राहिली, तरी या दुर्घटनेत १९ जणांना प्राण गमवावे लागले. मृतांत लष्कराचे दोन अधिकारी होते. आग विझविण्यासाठी धावलेले अग्निशमन कर्मचारी आणि संरक्षण सुरक्षा दलाचे जवानही त्यांत होते. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्याच दिवशी पुलगावला भेट दिली.

विदर्भाला अशा घटना नवीन नाहीत. नागपूरजवळील बाजारगाव येथील कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या स्फोटात नऊ जणांचा, तर भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ जणांचा बळी गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘दारूगोळा’, ‘बारूद’, ‘स्फोटके’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात या शब्दांखाली दोन भिन्न स्वभावांचे पदार्थ येतात. काही स्फोटके अतिशय वेगाने जळतात, त्यांना निम्न स्फोटके म्हणतात. काही स्फोटके जळण्याऐवजी एका क्षणात विदीर्ण होतात, ती उच्च स्फोटके होत. आगीच्या वेळी पुढे जायचे की मागे हटायचे, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या फरकात दडलेले आहे.

ज्वलन आणि डेटोनेशन

कोणत्याही स्फोटकात अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर उष्ण वायू निर्माण होतो. तो कोणत्या मार्गाने निर्माण होतो, यावरून उच्च व निम्न असे दोन गट पडतात.

निम्न स्फोटकात एक कण पेटला की त्याची उष्णता शेजारच्या कणाला पेटविते आणि ज्योत पृष्ठभागावरून आत सरकत जाते. लाकूड जळते तशीच ही क्रिया असते, मात्र तिचा वेग कितीतरी अधिक असतो. तरीही तो त्या पदार्थातील ध्वनीच्या वेगापेक्षा कमीच राहतो. उघड्यावर टाकलेली बंदुकीची दारू भपकन जळून जाते व धूर सोडते. तीच दारू कागदाच्या किंवा सुतळीच्या घट्ट वेष्टनात कोंडली की वायूला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो आणि अखेर वेष्टन फाटून मोठा आवाज होतो. दिवाळीतील अनार आणि सुतळी बॉम्ब यांच्यातील फरक मुख्यतः या कोंडण्याचा आहे.

उच्च स्फोटकात क्रिया उष्णतेच्या वहनाने पुढे जात नाही. पदार्थातून दाबाची एक प्रचंड लाट, म्हणजेच आघात तरंग, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने धावते. तिच्या माऱ्याने पदार्थ इतका आवळला व तापविला जातो की तो तत्क्षणी विघटित होतो, आणि त्या विघटनातून सुटलेली ऊर्जा लाटेला आणखी पुढे ढकलते. या क्रियेला ‘डेटोनेशन’ म्हणतात. तिला कोंडण्याची गरज नसते. उघड्यावर ठेवलेले उच्च स्फोटकही त्याच्या खालची लोखंडी पट्टी वाकवू अथवा फाडू शकते.

वेगाचे मोजमाप

टीएनटी या परिचित उच्च स्फोटकात डेटोनेशनचा वेग सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर असतो. आरडीएक्समध्ये तो ८,७०० मीटरच्या घरात जातो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटरवर आहे. वर्ध्यात झालेला आवाज तेथे पोहोचण्यास २३ ते २४ सेकंद लागतील. टीएनटीतील डेटोनेशनच्या लाटेला तेवढे अंतर कापण्यास सेकंदाहून थोडाच अधिक वेळ पुरेल.

दाबातही असाच फरक दिसतो. रायफलीच्या नळीत दारू जळताना निर्माण होणारा दाब वातावरणाच्या सुमारे तीन ते चार हजार पट असतो. टीएनटीच्या डेटोनेशनमध्ये तो सुमारे दोन लाख पटींपर्यंत पोहोचतो. म्हणूनच निम्न स्फोटक वस्तू ढकलते, तर उच्च स्फोटक ती चुरते.

उच्च स्फोटकांत ऊर्जा अधिक साठलेली असते, हा समज मात्र चुकीचा आहे. एक किलो टीएनटीतून जेवढी उष्णता बाहेर पडते, त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता एक किलो वाळलेल्या लाकडातून, तर दहा पट एक किलो पेट्रोलमधून मिळते. लाकूड ही ऊर्जा चुलीत हळूहळू देते, टीएनटी ती सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात देते. शिवाय लाकडाला प्राणवायू हवेतून घ्यावा लागतो. स्फोटकाने तो स्वतःबरोबरच आणलेला असतो. बंदुकीच्या दारूत तो सोऱ्यातून येतो आणि गंधक व कोळसा हे इंधन असते. टीएनटीत इंधन व प्राणवायू एकाच रेणूत बांधलेले असतात.

एका तोफगोळ्यात दोन्ही

लष्करी दारूगोळ्यात हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. तोफेचा गोळा नळीतून बाहेर फेकण्यासाठी निम्न स्फोटकाप्रमाणे जळणारी दारू लागते. तिला प्रणोदक म्हणतात. तिने नळीत दाब क्रमाने वाढवत नेला पाहिजे. तिच्या जागी टीएनटी वापरल्यास गोळा सुटण्याआधी तोफच फुटेल. उलट, लक्ष्यावर पोहोचलेल्या गोळ्याच्या पोलादी कवचाचे तुकडे करण्यासाठी उच्च स्फोटकच लागते.

उच्च स्फोटकांचेही दोन उपप्रकार आहेत. ठिणगी, घर्षण किंवा किरकोळ धक्क्यानेही उडणारी ती प्राथमिक स्फोटके. ती अत्यल्प प्रमाणात, मुख्यतः डिटोनेटरमध्ये वापरली जातात. टीएनटी, आरडीएक्स यांसारखी दुय्यम स्फोटके तुलनेने शांत असतात. त्यांना जागे करण्यासाठी डिटोनेटरचा आघात द्यावा लागतो. टीएनटीचा शोध १८६३ मध्ये जर्मनीत लागला. तो सुरुवातीला पिवळा रंग म्हणूनच परिचित होता, त्याची स्फोटक शक्ती लक्षात येण्यास पुढे जवळजवळ तीन दशके लागली, इतका तो सहजासहजी न उडणारा पदार्थ आहे. सुमारे ८० अंश सेल्सिअसला तो वितळतो. त्यामुळे तो वितळवून गोळ्यांत व भूसुरुंगांत ओतता येतो. या गुणांमुळेच तो जगभरच्या सैन्यांत रूढ झाला.

विहिरीच्या सुरुंगापासून कोळसा खाणीपर्यंत

स्फोटकांचा संबंध केवळ लष्कराशी नाही. वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. येथे विहीर खोदताना मुरूम संपून पाषाण लागला की सुरुंग लावल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. पूर्वी छिद्रात बंदुकीची दारू ठासून वातीने बार उडविला जाई. ही दारू खडकाला भेगांच्या रेषेवर ढकलून सैल करते. अखंड शिळा हवी असेल तेथे हा मंदपणा उपयोगाचा ठरतो. कठीण पाषाणाचे बारीक तुकडे हवे असतील, तेथे उच्च स्फोटक लागते. त्यातूनच जिलेटिनच्या कांड्या प्रचारात आल्या. नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटकांवर भारतात २००४ पासून बंदी आहे. त्यांची जागा स्लरी व इमल्शन या अधिक सुरक्षित उच्च स्फोटकांनी घेतली, तरी बोलीभाषेत ‘जिलेटिन’ हा शब्द टिकून आहे. वर्धा खोऱ्यातील खुल्या कोळसा खाणींतही अमोनियम नायट्रेटवर आधारित स्फोटके वापरली जातात.

आग आणि स्फोट यांतील रेषा

उच्च स्फोटके पेटविली की तत्काळ उडतातच, असे नाही. टीएनटीचा लहान तुकडा उघड्यावर धुराची काजळी सोडत शांतपणे जळू शकतो. परंतु साठा मोठा असेल, तो पेट्यांत किंवा धातूच्या कवचात बंदिस्त असेल, उष्णता व दाब वाढत गेला असेल, तर जळण्याचे रूपांतर डेटोनेशनमध्ये होऊ शकते. हा बदल कोणत्या क्षणी घडेल, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही. शेजारचा एखादा गोळा उडाला, तर त्याच्या आघातानेही उरलेला साठा उडू शकतो. उच्च व निम्न हा भेद शास्त्रीय असला, तरी आग लागलेल्या भांडारात तो असा पुसट होत जातो.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी हेच घडले. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी व सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी कापसाला लागलेली आग विझविण्याचे प्रयत्न दीड-दोन तास चालले आणि चारच्या सुमारास जहाज फुटले. शेकडो नागरिकांसह अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. लेबनॉनमधील बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले, तेही गोदामात लागलेल्या आगीनंतरच. त्यात दोनशेहून अधिक लोक दगावले.

पुलगावच्या दुर्घटनेत रणगाडाविरोधी भूसुरुंग केंद्रस्थानी होते. या सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची बाब दुर्घटनेनंतर पुढे आली. शुद्ध टीएनटी ८० अंशांखाली घन राहत असला, तरी त्यात अशुद्ध घटक शिल्लक असल्यास त्यांचे तेलकट मिश्रण त्याहून बऱ्याच कमी तापमानाला द्रवरूप होते आणि कवचाच्या फटींतून बाहेर येते. विदर्भातील मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे येथे लक्षात घ्यावे लागते. बाहेर आलेल्या या द्रवामुळे दोन धोके निर्माण होतात. कवचाबाहेर सहज पेट घेणारा पदार्थ पसरतो. तसेच तो खाचांत व जोडांत साचला, तर किरकोळ घर्षणही घातक ठरू शकते. स्वभावाने शांत असलेले स्फोटक सदोष अवस्थेत शांत राहत नाही, असा याचा अर्थ आहे.

नष्ट करतानाचा धोका

मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करणे हे साठवणुकीइतकेच जोखमीचे काम आहे. पुलगाव भांडाराच्या सोनेगाव परिसरातील मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी अशाच कामाच्या वेळी स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. नष्ट करण्याचे साहित्य जबलपूरजवळील खमरिया आयुध निर्माणीचे होते. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी होता, तर अन्य मृत रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतील मजूर होते. पेटीत काय आहे, ते जळणारे आहे की उडणारे, हे पेटी उचलणाऱ्याला ठाऊक असणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

कायदा आणि वर्गवारी

नागरी वापराच्या स्फोटकांवर १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे स्फोटके नियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. नियमांत बंदुकीची दारू, नायट्रेट मिश्रणे, नायट्रो संयुगे, दारूगोळा, फटाके असे स्वतंत्र वर्ग केलेले आहेत. बेकायदा स्फोटके बाळगणे व वापरणे हा १९०८ च्या स्फोटक पदार्थ अधिनियमाखाली गुन्हा आहे.

साठवण व वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाची धोकाश्रेणीही वापरली जाते. १.१ म्हणजे संपूर्ण साठा एकाच वेळी उडण्याचा धोका, १.२ म्हणजे तुकडे दूरवर फेकले जाण्याचा, तर १.३ म्हणजे मुख्यतः तीव्र आगीचा धोका. स्फोटके वाहून नेणाऱ्या वाहनावरील नारिंगी चौकटीत हे आकडे दिसतात. १.१ श्रेणीच्या साठ्यापासून वस्ती किती दूर असावी, हे साठ्याच्या वजनावरून ठरते. भांडारातील मातीचे बांध, एकमेकांपासून लांब ठेवलेली शेड आणि भोवतालचा बांधकामबंदीचा पट्टा हे सारे याच हिशेबातून आलेले आहे. पुलगावला आग एका शेडपलीकडे गेली नाही, यामागे अशा रचनेचे महत्त्व आहे. स्फोटाच्या लाटेचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. म्हणून बांधकामबंदीच्या पट्ट्यात नवी घरे उभी राहणे धोक्याचे असते.

नागरिकांसाठी

स्फोटकांपर्यंत पोहोचलेली आग विझविण्याचा प्रयत्न करू नये, तेथून दूर जावे, हा जगभरातील अग्निशमन यंत्रणांचा नियम आहे. स्फोटके प्राणवायू स्वतःबरोबर बाळगत असल्याने वाळू टाकून किंवा झाकून ती आग गुदमरविता येत नाही. दूरच्या स्फोटाचा प्रकाश दिसल्यानंतर खिडकीशी उभे राहून पाहणे टाळावे. आघाताची लाट प्रकाशानंतर काही सेकंदांनी पोहोचते आणि फुटलेल्या काचांनीच अनेक जण जखमी होतात. शेतात, नाल्यात किंवा सरावाच्या मैदानालगत गंजलेला गोळा, सुरुंग, डिटोनेटर अथवा न उडालेली कांडी आढळल्यास तिला हात न लावता, जागेवर खूण ठेवून पोलिसांना कळवावे. भंगारातील पितळ व तांब्याची किंमत किरकोळ असते. आतील पदार्थ जळणारा आहे की उडणारा, हे बाहेरून पाहून तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही.